टो भट्टीतून ताठ निघतोय? सिलिकॉन कार्बाइडचे तंतू पुन्हा पुन्हा का चिकटतात

टो, म्हणजे शेकडो बारीक तंतूंची जुडी, भट्टीतून बाहेर येतो तेव्हा दिसायला झकास असतो, काळाभोर आणि चकचकीत. पण बोटावर वाकवायला जावं तर तारेसारखा ताठ. जरा जोर दिला की बारीक कडकड ऐकू येते. ५०० फिलामेंटचा टो रेशमाच्या लडीसारखा पसरायला हवा, इथे त्याच्या जाडजाड काड्या झालेल्या असतात. सूक्ष्मदर्शकाखाली दोन तंतू जिथे टेकले तिथे मेणबत्त्या चिकटाव्यात तसा सांधा दिसतो.

पॉलिकार्बोसिलेन या सिलिकॉनयुक्त पॉलिमरपासून सिलिकॉन कार्बाइडचे तंतू बनवणाऱ्या प्रत्येकाला हे एकदा तरी भेटलेलं असतं. मला तीनदा भेटलं, एकाच लाइनवर. दर वेळी वाटलं की आता सुटलं, आणि काही महिन्यांनी ये रे माझ्या मागल्या. तिन्ही वेळा उपाय वेगळा लागला, म्हणून बराच काळ आम्ही ते तीन वेगळे दोष समजत होतो. दोष एकच होता.

आधी एक छोटी खात्री करून घ्या, कारण यावर आमची एक अख्खी शिफ्ट वाया गेली आहे. टोवर साइझिंग, म्हणजे तंतू सांभाळणारा पातळ लेप, चढवलेलं असेल तर तोही ताठ लागतो. पॉलिव्हिनाइल अल्कोहोलचं साइझिंग गरम पाण्यात सुटतं. इपॉक्सीचं असेल तर हवेत ५०० ते ६०० अंशांवर थोडा वेळ धरून जाळून टाका. मग दोन सेंटीमीटरचा तुकडा काचेच्या बशीत आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये टाकून हलवा. तंतू मोकळे पसरले तर चिकटण्याचा प्रश्नच नाही, साइझिंग जास्त बसलंय इतकंच. काड्याच राहिल्या तर पुढे वाचा.

या दोषाची इतकी धास्ती का, तेही सांगतो. हे तंतू पुढे सिरॅमिक मॅट्रिक्स कंपोझिटमध्ये जातात, म्हणजे सिरॅमिकच्या भरावात (मॅट्रिक्समध्ये) तंतू बसवलेल्या पदार्थात. लीप या जेट इंजिनाच्या उच्च-दाब टर्बाइनमधले श्राउड (पात्यांभोवतीची कडी) असल्याच कंपोझिटचे आहेत, आणि ते इंजिन २०१६ पासून प्रवासी विमानांवर चालतंय. कंपोझिटमध्ये प्रत्येक तंतूभोवती बोरॉन नायट्राइडचा मायक्रोमीटरपेक्षाही पातळ थर देतात, म्हणजे मॅट्रिक्समधली भेग तंतूपाशी येऊन वळते, तंतू कापत नाही. दोन तंतू चिकटलेले असतील तर त्या फटीत हा थर पोचतच नाही. भेग एका तंतूतून सरळ दुसऱ्यात शिरते. अणुभट्टीच्या इंधननळ्यांसाठी असेच तंतू विणून पाहत आहेत. तिथेही नळीतल्या अशा काड्या कोणालाच नको असतात.

आता मूळ गोष्ट. सेइशी याजिमा यांनी १९७५ मध्ये जपानच्या तोहोकू विद्यापीठात जी वाट दाखवली तीच आपण थोड्याफार फरकाने आजही चालतो. पॉलिकार्बोसिलेन वितळवून स्पिनरेटच्या बारीक छिद्रांमधून ओढायचं, कच्चा तंतू हवेत हळूहळू तापवून क्युअर करायचा, मग निष्क्रिय वायूत हजार अंशांच्या पुढे पायरोलिसिस, म्हणजे भाजून त्याचं सिरॅमिक करायचं. स्पिनिंगमधून निघालेला तंतू अजून वितळणारं प्लास्टिकच असतो. २०० अंशांच्या आसपास, पॉलिमरच्या लॉटप्रमाणे (खेपेप्रमाणे) कमीजास्त, तो मऊ पडतो. क्युरिंगचं काम एवढंच की हवेतला ऑक्सिजन सिलिकॉन-हायड्रोजन बंध तोडून साखळ्या एकमेकींना सिलिकॉन-ऑक्सिजन-सिलिकॉन अशा पुलांनी बांधतो आणि तंतू वितळेनासा होतो.

म्हणजे क्युरिंग ही शर्यत आहे. एका बाजूला तंतूचं स्वतःचं तापमान चढतंय. दुसऱ्या बाजूला, जसजसे पूल बांधले जातात तसतसं मऊ पडण्याचं तापमानही वर सरकतंय. या दोहोंत अंतर आहे तोवर सगळं ठीक. ज्या क्षणी पहिलं दुसऱ्याला गाठतं त्या क्षणी तंतू चिकटतात, आणि चिकटलेले तंतू पुन्हा सुटत नाहीत. आम्ही तिन्ही वेळा रॅम्प (तापमानाची चढण), ट्रे, लॉट यांच्या मागे धावलो. सांभाळायचं होतं ते हे अंतर, आणि ते मोजणारी एकही गोष्ट आमच्या पॅनेलवर नव्हती.

पहिल्या वेळी दोष पायरोलिसिसनंतर दिसला म्हणून सगळे पायरोलिसिसच्या भट्टीवर तुटून पडले. नायट्रोजनचा प्रवाह वाढवला, गळती शोधली, चढण बदलली. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी. शेवटी कोणीतरी क्युअर झालेला पण अजून न भाजलेला टो सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तर सांधे तिथेच तयार होते. भट्टीने फक्त ते पक्के केले होते. आम्ही क्युरिंगची चढण जवळपास एक-तृतीयांशावर आणली आणि दोष गेला. का गेला हे मात्र कोणी विचारलं नाही. दोष गेला की कुतूहलही जातं.

दुसऱ्या वेळी रॅम्प तोच होता. फरक इतकाच झाला होता की मागणी वाढली म्हणून ट्रेमध्ये तंतूंचा थर जाड घालायला लागलो होतो. हे कोणी लपवलं नव्हतं, पण त्याची नोंद कुठल्याच कागदावर नव्हती, कारण कागदावर ट्रेंची संख्या होती, थराची जाडी नव्हती. ऑक्सिडेशन उष्णता सोडतं. मोकळ्या तंतूंमधून ती हवेबरोबर निघून जाते, जाड थरात मधोमध अडकते. भट्टीचा थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) हवेच्या झोतात बसवलेला, तो बिचारा हवेचं तापमान इमानेइतबारे सांगत होता. आम्ही एक बारीक थर्मोकपल थराच्या पोटात खुपसला. १५० अंशांच्या पुढे आतलं तापमान हवेला सोडून वर पळायला लागलं आणि काही वेळ चांगलंच पुढे राहिलं. तंतू तेवढ्यातच चिकटत होते. बाहेरच्या आलेखावर त्याचा मागमूस नव्हता. (जाड म्यानाचा थर्मोकपल वापरू नका. धातूचं म्यान उष्णता बाहेर खेचतं आणि खरं शिखर दबून दिसतं.)

तिसऱ्या वेळी थर पातळ, रॅम्प सावकाश, आतला थर्मोकपलही शांत. तरी टो ताठ. या वेळी पॉलिमरचा लॉट बदलला होता. नव्या लॉटमध्ये लहान साखळ्यांचं प्रमाण जास्त, त्यामुळे मऊ पडण्याचं तापमानच खाली आलं होतं. शर्यतीत आपला धावपटू तोच, पण समोरचा आधीच मागे उभा. लॉटच्या प्रमाणपत्रावर सरासरी रेणुभार अगदी बरोबर होता. सरासरीत शेपटी दिसत नाही.

लॉटवरून एक जुनं भांडण आठवलं. स्पिनिंगवाल्यांना मऊ पॉलिमर आवडतं, कमी तापमानाला सुरेख ओढलं जातं, तंतू तुटत नाही. क्युरिंगवाल्यांना कडक हवं. निर्वातात तापवून लहान साखळ्या उडवून लावल्या की क्युरिंगवाले खूश होतात, पण मग स्पिनिंगचं तापमान चढवावं लागतं आणि तिथे पॉलिमरच जोडलं जाऊन जेलच्या गुठळ्या स्पिनरेट तुंबवतात. दोन्ही विभागांचे प्रमुख एकाच टेबलाशी बसल्याशिवाय यातून मार्ग निघत नाही. आमच्याकडे तो निघायला तिसरी आपत्ती यावी लागली.

आता तुमच्याकडे नेमकं काय चाललंय ते कसं ओळखायचं. चिकटणं दोन ठिकाणी होऊ शकतं आणि दोन्हींचे उपाय एकमेकांच्या उलट आहेत, म्हणून इथे घाई करू नका. एक, क्युरिंग चालू असतानाच तंतू गरम होऊन मऊ पडले. दोन, क्युरिंगमध्ये तंतू सुटे राहिले पण आतवर पूल बांधलेच गेले नाहीत, आणि मग पायरोलिसिसच्या सुरुवातीच्या तीन-चारशे अंशांत ते वितळून एकमेकांना लागले. पहिल्यात उष्णता जास्त झाली, दुसऱ्यात ऑक्सिजन कमी पडला. पहिल्याचा उपाय दुसऱ्यावर केलात, म्हणजे घाबरून कमाल तापमान उतरवलंत, तर क्युरिंग आणखी अर्धवट राहील.

फरक करायला दोन गोष्टी पुरतात. क्युअर झालेला टो भाजण्याआधी सूक्ष्मदर्शकाखाली बघा. आणि त्याचाच तुकडा वजन करून झायलीन किंवा टेट्राहायड्रोफ्युरानमध्ये रात्रभर ठेवा, गाळा, वाळवा, पुन्हा वजन करा. नीट क्युअर झालेला तंतू जवळजवळ सगळाच्या सगळा शिल्लक राहतो, कच्चा विरघळून जातो. सांधे दिसतायत आणि विरघळत काहीच नाही, तर पहिला प्रकार. सांधे नाहीत पण वजन घटलं, तर दुसरा. सांधेही आहेत आणि वजनही घटलं, तर बहुधा थराच्या मधोमध आधी तंतू चिकटले आणि मग त्या गोळ्यात हवा शिरलीच नाही. अवरक्त वर्णपट घेण्याची सोय असेल तर सिलिकॉन-हायड्रोजनची २१०० प्रति सेंटीमीटरजवळची पट्टी आणि सिलिकॉन-मिथाइलची १२५० जवळची पट्टी यांचं गुणोत्तर बघा. पहिली किती उतरली यावरून क्युरिंग किती झालं ते थेट कळतं.

नमुने थराच्या वरून, मधून आणि तळातून वेगवेगळे घ्या, हे पुन्हा सांगतो. बहुतेक जण क्युरिंगचा निकाल ट्रेचं वजन किती वाढलं यावरून लावतात. वरचा थर गरजेपेक्षा जास्त ऑक्सिजन खाऊन बसलेला, मधला उपाशी, आणि एकूण वाढ अगदी हवी तेवढी, असं आम्ही स्वतः पाहिलं आहे.

याहून स्वस्त एक चाचणी आहे, तिला काहीच लागत नाही. भरलेल्या ट्रेच्या शेजारी, त्याच फेरीत, एक टो एकटाच मोकळा लटकवा. ट्रेतला माल चिकटला आणि लटकलेला सुटा राहिला तर गुन्हेगार थर आहे, उष्णतेने म्हणा नाहीतर हवेच्या तुटवड्याने. दोन्ही चिकटले तर रॅम्प किंवा पॉलिमर. लॉट आणि रॅम्प यांत निवड करायची तर आधीच्या चांगल्या लॉटचा थोडा तंतू नायट्रोजनमध्ये राखून ठेवलेला असावा, तो शेजारी लटकवायचा. आता आम्ही प्रत्येक लॉटचा असा नमुना ठेवतो. कच्चा तंतू हाताळायला भयंकर ठिसूळ असतो, बॉबिनवरून पुन्हा गुंडाळायच्या फंदात पडू नका. आणि पॉलिमर असो की कच्चा तंतू, उघड्या हवेत महिनोन्‌महिने ठेवला तर तो आपोआप थोडाथोडा ऑक्सिजन घेत राहतो, मग तुलनेला काही अर्थ उरत नाही.

नक्की अंतर किती आहे हे मोजायचं तर एकदा कष्ट घ्यावे लागतात. क्युरिंगची फेरी चालू असताना वेगवेगळ्या तापमानांना थोडे तंतू बाहेर काढा आणि प्रत्येकाचं मऊ पडण्याचं तापमान तापत्या स्टेजच्या सूक्ष्मदर्शकाखाली, नायट्रोजनमध्ये बघा. तंतूच्या तुटक्या टोकाची कड गोल व्हायला लागली की ते तापमान. ही एक रेघ झाली. थराच्या पोटातल्या थर्मोकपलची दुसरी. दोन्ही एकाच कागदावर काढल्या की कुठे त्या जवळ येतात ते लगेच दिसतं, आणि जवळजवळ नेहमी ते सुरुवातीच्या टप्प्यातच असतं, पूल अजून थोडे आणि अभिक्रिया मात्र पेटलेली. त्यामुळे सगळा रॅम्प सावकाश करायची गरज नसते. त्या टप्प्याच्या थोडं अलीकडे थांबा, पूल बांधले जाऊ द्या, मग चढा. आमच्या फेरीचा एकूण वेळ यामुळे उलट कमी झाला. लॉट बदलला की दोन-तीन बिंदू पुन्हा तपासायचे आणि थांबायचं तापमान त्याप्रमाणे सरकवायचं. लॉटच्या कार्डावर आता मऊ पडण्याचं तापमान आणि थराची जाडी असे दोन रकाने आहेत. कार्ड छापणाऱ्याने नाकं मुरडली, पण आहेत.

हवेच्या प्रवाहाचंही तेच. तो केवळ ऑक्सिजन देत नाही, उष्णता वाहून नेतो. थरावरून जाणारी हवा आणि थरातून आरपार जाणारी हवा यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, म्हणून जाळीच्या तळाचे ट्रे.

इथे कोणी म्हणेल, मग सावधपणे भरपूर क्युअर करून टाकू. नको. घेतलेला ऑक्सिजन तंतूतच राहतो. हवेत क्युअर केलेल्या निकॅलॉन या बाजारातल्या सिलिकॉन कार्बाइड तंतूत तो वजनाने १२ टक्क्यांच्या घरात असतो, आणि १२०० अंशांच्या पुढे त्यातून झालेलं सिलिकॉनचं ऑक्सिकार्बाइड फुटून सिलिकॉन मोनॉक्साइड आणि कार्बन मोनॉक्साइड वायू सुटतात, कण वाढतात, तंतूला छिद्रं पडतात. चिकटणं टाळायला जादा क्युअर केलेला तंतू खोलीच्या तापमानाला उत्तम चाचणी देतो आणि खऱ्या कामाला लागला की मान टाकतो.

यातून सुटायला हाय-निकॅलॉन या त्याच्या पुढच्या तंतूत हवेऐवजी इलेक्ट्रॉन किरणांनी पूल बांधतात आणि ऑक्सिजन अर्ध्या टक्क्यावर येतो. हाय-निकॅलॉनच्याच टाइप एसमध्ये तो त्याहून कमी, आणि कार्बन-सिलिकॉनचं प्रमाणही जवळजवळ एकास एक. पण त्या वाटेनेही हे भूत पाठ सोडत नाही. मात्रा दहा मेगाग्रेच्या पुढे लागते, तेवढी ऊर्जा तंतूत उष्णता म्हणूनच उतरते. किरण एकदम जोरात सोडले, खालून थंडावा नसला, की तंतू त्याच जुन्या पद्धतीने चिकटतात. शिवाय किरणांनंतर तंतूत मोकळे रॅडिकल, म्हणजे तुटलेल्या बंधांची टोकं, अडकून राहतात. निष्क्रिय वायूत तापवून ते विझवण्याआधी झाकण उघडलंत तर हवेतला ऑक्सिजन ते गटकन पिऊन टाकतात आणि इतका महाग खटाटोप फुकट. अंतराचा नियम इथेही तोच आहे, फक्त वेग तापमानाचा नाही, मात्रेचा सांभाळायचा.

चिकटल्यासारखं दिसणारं पण वेगळं असं एक प्रकरण आहे. पायरोलिसिसमध्ये उडालेल्या लहान साखळ्या थंड जागी जमून तंतूंवर पुन्हा बसतात. तेव्हा सांधा मेणबत्तीसारखा गुळगुळीत नसतो, दोन तंतूंत खडबडीत साका भरल्यासारखा दिसतो, आणि तो भट्टीच्या एकाच बाजूच्या मालावर येतो. वायूची दिशा आणि बाहेर जाणाऱ्या नळीचं तापमान बघा. क्युरिंगला हात लावू नका. बाहेर येणाऱ्या वायूत हायड्रोजन आणि मिथेन असतो, त्यामुळे नळी उघडताना योग्य ती काळजी.

ताकदीच्या आकड्यांबद्दल. चिकटलेल्या टोमधून एकेक फिलामेंट सोडवून एएसटीएम सी १५५७ या प्रमाण चाचणीप्रमाणे ओढलात तर निकाल बरेचदा चांगला येतो, आणि मग गुणवत्ता विभाग म्हणतो की दोष नाहीच. सोडवताना जे तुटले ते कोणी मोजले? चाचणीपर्यंत पोचतात ते वाचलेले तंतू. सोडवताना किती तुटले हा आकडा निकालाशेजारी लिहायला लावा, खरी बातमी तिथेच असते.

तुटलेलं टोकही बघा. ओढताना तंतूला ग्लिसरीनचा हात लावला तर तो उडून चक्काचूर होत नाही आणि पहिली भेग हाताला लागते. दोषाभोवती आरशासारखा गुळगुळीत भाग दिसतो, जितका मोठा तितकी ताकद कमी. ३ गिगापास्कलला तुटणाऱ्या तंतूत मूळ दोष मायक्रोमीटरच्या पाव भागाएवढा असतो. ताकद अर्धी झाली तर दोष चौपट, म्हणजे साधारण एक मायक्रोमीटर. आरशाचं केंद्र पृष्ठभागावर, आणि तिथे शेजारच्या तंतूचा तुटका ओठ चिकटलेला दिसला, की आणखी पुरावा नको. २० मायक्रोमीटरचा कच्चा तंतू भट्टीतून १४ चा होऊन निघतो. दोन चिकटलेले तंतू एवढे आकसताना सांध्यावर ताण येणारच. केंद्र आत खोलवर असेल, तिथे पोकळी किंवा कण दिसत असेल, तर तो स्पिनिंगचा विषय आहे: वितळीतला बुडबुडा, जेलची गुठळी, जुनं गाळणं.

बिघडलेल्या मालाचं काय करायचं, हा प्रश्न दर वेळी येतो. साइझिंगमुळे ताठ असेल तर धुऊन पुन्हा साइझ करा, काही बिघडत नाही. क्युरिंग अर्धवट आहे आणि तंतू अजून सुटे आहेत, तर पातळ थरात पसरून पुन्हा क्युअर करता येतं. आम्ही केलंय, फक्त त्यावर वेगळा लॉट क्रमांक टाका. एकदा सांधे झाले की मात्र तो टो विणकामाला देऊ नका आणि चांगल्या टोमध्ये मिसळून खपवूही नका. रोलरवर घासून मोकळा करायचा मोह होतो. त्याने टो मऊ लागतो खरा, पण प्रत्येक सांध्याच्या जागी तंतूवर एक खाच पडते. शिवाय भुगा उडतो, अंगाला खाज सुटते, आणि हे तंतू थोडीफार वीज वाहतात, त्यामुळे तोच भुगा जवळच्या विजेच्या पॅनेलमध्ये शिरला की संध्याकाळची शिफ्ट वेगळ्याच कारणाने बंद पडते.